लॅपटॉपची बॅटरी कोण खातं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



लॅपटॉप घ्यायला दुकानात गेलात, तर विक्रेता पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास ऐकवतो. "साहेब, यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे." ते तो अशा थाटात सांगतो, की नको म्हणायचा आपल्यालाच संकोच वाटावा. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, मुलगी आर्किटेक्चरला जायचं म्हणते आहे, पुढेमागे लागेल, असा विचार करून आपण दहा-पंधरा हजार रुपये जास्त मोजतो. मग दोन-चार महिन्यांनी दुसरं वाक्य ऐकू येतं. "बॅटरी काही टिकत नाही हो." खोक्यावर आठ तास लिहिलेले असतात आणि प्रत्यक्षात तीन तासही धड मिळत नाहीत.

या दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं आहे. पुष्कळांना ते ठाऊक नसतं. दुकानदार ते सांगत नाही. कित्येकदा त्यालाही ते माहीत नसतं. त्यामुळे चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात, पैसे जातात आणि दुखणं जिथल्या तिथेच राहतं. आज त्याबद्दल थोडं सविस्तर बोलावं म्हणतो.

आधी हे ग्राफिक्स प्रकरण काय ते पाहू. लॅपटॉपचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक. ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा नव्यानं दाखवायची असते. कोणत्या ठिपक्याला कोणता रंग, याचा हिशेब करणाऱ्या भागाला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात. एके काळी तो मुख्य प्रोसेसरपासून वेगळा, मदरबोर्डवर दुसरीकडे कुठेतरी असायचा. इंटेलनं जानेवारी २०११ मध्ये 'सँडी ब्रिज' नावाची पिढी आणली, तेव्हा हा भाग मुख्य प्रोसेसरच्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर आला. आज बहुतेक लॅपटॉपमध्ये असा एक घरचा ग्राफिक्स प्रोसेसर असतोच. पत्र लिहिणं, इंटरनेट बघणं, सिनेमा पाहणं ही कामं तो आरामात करतो.

मात्र इमारतीचा त्रिमिती आराखडा फिरवून पाहायचा असेल, व्हिडिओचं संपादन करायचं असेल किंवा हल्लीचे खेळ खेळायचे असतील, तर घरच्याची दमछाक होते. त्यासाठी दुसरं, ताकदवान कार्ड बसवलेलं असतं. एनव्हीडिया किंवा एएमडी या कंपन्यांचं. त्याला स्वतःची वेगळी मेमरी असते, स्वतःचा वीजपुरवठा असतो, आणि ते थंड ठेवायला जास्तीचा पंखाही बहुधा असतो.

म्हणजे घरी रोजचा स्वयंपाक करणारं माणूस आहेच, शिवाय लग्नकार्यासाठी आचारीही ठेवलेला आहे. पाचशे पानं उठवायची असतील तर आचाऱ्याला पर्याय नाही. प्रश्न येतो तो कार्य नसतं त्या दिवशी. आचारी घरी गेला असेल आणि भट्टी विझलेली असेल, तर खर्च काहीच नाही. पण तो मागच्या अंगणात भट्टी पेटती ठेवून नुसताच बसलेला असेल, तर लाकडं जळत राहणार. पदार्थ एकही होत नाही आणि सरपण मात्र संपतं.

लॅपटॉपमध्ये नेमकं हेच घडतं. मोठं कार्ड काम करताना वीज खातं, हे सगळ्यांना समजतं आणि मान्यही असतं. काम नसताना, केवळ जागं राहण्यासाठी ते जी वीज खातं, तिच्याकडे लक्ष जात नाही. या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. चिपला वीज जोडलेली असेल, तर प्रत्येकातून ती अगदी किंचित पाझरतच असते. कार्डाच्या मेमरीतला मजकूर पुसला जाऊ नये म्हणून तो सतत ताजा करत राहावा लागतो. त्यामुळे कामाचा आकडा शून्य टक्के दिसला, तरी विजेचा आकडा शून्य नसतो. तो शून्याच्या जवळ आणायचा असेल, तर कार्डाचा वीजपुरवठाच तोडावा लागतो.

हिशेब सोपा आहे. लॅपटॉपच्या बॅटरीवर वॅट-तासांचा एक आकडा छापलेला असतो. धरा, तो पन्नास आहे. आपल्या विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे एक हजार वॅट-तास. म्हणजे अख्खी बॅटरी भरली, तरी तिच्यात एका युनिटचा विसावा भाग मावतो. एवढ्याशा शिदोरीवर दिवस काढायचा आहे. साधं टायपिंग चालू असताना चांगला लॅपटॉप पडद्यासकट आठेक वॅट घेतो. पन्नास भागिले आठ, म्हणजे सहा तास चालला. आता मोठं कार्ड विनाकारण जागं राहिलं आणि त्यानं आणखी आठ वॅट ओढले, तर त्याच बॅटरीत तीन तास. घरच्या दिव्याच्या मानानं आठ वॅट म्हणजे काहीच नाही. इथे त्यांनी आयुष्य निम्मं केलं.

मग कंपन्या मोठी बॅटरी का देत नाहीत, असं कुणी विचारील. काही देतात. पण विमानात बरोबर नेता येणाऱ्या बॅटरीला एक मर्यादा आहे. शंभर वॅट-तासांच्या वर गेलं की विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणून भल्या दांडग्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरीही नव्व्याण्णवच्या आसपास येऊन थांबते. शिवाय तिचं वजन आपल्यालाच वाहायचं असतं.

माणसाला हे दुखणं आधीपासून माहीत होतं. त्यावर निघालेल्या उपायांचा इतिहास मला फार मजेशीर वाटतो. २००६ मध्ये सोनी कंपनीनं वायो मालिकेतला 'एसझेड' नावाचा एक लॅपटॉप काढला. त्यावर चक्क एक खटका होता. एका बाजूला लिहिलं होतं 'स्पीड', दुसऱ्या बाजूला 'स्टॅमिना'. प्रवासात असाल तर स्टॅमिनावर ठेवा, टेबलाशी बसलात की स्पीडवर. सुरुवातीच्या या यंत्रांत खटका सरकवला की संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. हातातलं काम जपून ठेवा, बंद करा, वाट बघा. लोक कंटाळणार नाहीत तर काय! ॲपलनं २००८ च्या अखेरीस आणलेल्या मॅकबुक प्रोमध्येही दोन ग्राफिक्स प्रोसेसर होते. तिथे संगणक बंद करावा लागत नसे. पण लॉग-आउट होऊन पुन्हा आत यावं लागे. ॲपलनंच तेव्हा जाहीर केलेले आकडे असे होते, की धाकट्यावर पाच तास, थोरल्यावर चार.

खरी उलथापालथ झाली २०१० मध्ये. फेब्रुवारीत एनव्हीडियानं 'ऑप्टिमस' नावाची पद्धत जाहीर केली आणि एप्रिलमध्ये ॲपलनं आपली स्वयंचलित अदलाबदल आणली. दोन्हींचं आश्वासन एकच होतं. तुम्ही काही करू नका, कुणाला कधी उठवायचं ते यंत्र ठरवील.

ऑप्टिमसची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीत पडद्याची वायर एका चाव्यासारख्या भागातून जायची. तो भाग वायर कधी या प्रोसेसरला जोडायचा, कधी त्या. जोडणी बदलताना पडदा लुकलुकायचा. ऑप्टिमसनं ती चावीच काढून टाकली. पडद्याची वायर कायम घरच्या प्रोसेसरकडे ठेवली. मोठ्या कार्डानं चित्र तयार करायचं आणि घरच्याच्या हाती द्यायचं. पडद्यावर वाढणार घरचाच. आचाऱ्यानं केलेली जिलबी पानात वाढते घरचीच बाई, तसं. आता पडदा लुकलुकत नाही, काही बंद करावं लागत नाही आणि काम संपलं की मोठ्या कार्डाची वीज तोडता येते. ही देवघेव स्वस्त नाही, हेही सांगायला हवं. एक चित्र म्हणजे ऐंशी लाखांहून जास्त बाइट. सेकंदाला साठ चित्रं म्हटलं, की जवळजवळ पन्नास कोटी बाइट दर सेकंदाला इकडून तिकडे न्यायचे. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. अतिवेगवान खेळ खेळणाऱ्यांना मात्र जाणवलं आणि २०२० नंतर महागड्या लॅपटॉपमध्ये ती जुनी चावी नव्या रूपात परत आली. दुकानात 'मक्स स्विच' म्हणून जे सांगतात ते हेच.

युक्ती उत्तम होती, यात शंका नाही. पण खटका गेला आणि त्याबरोबर एक गोष्ट नकळत गेली. कोण जागं आहे, हे मालकाला दिसायचं बंद झालं.

मोठ्या कार्डाला उठवायचं कधी, हे ठरवतो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम. त्याच्याकडे निरनिराळ्या प्रोग्रामांची एक यादी असते. अमुक खेळ सुरू झाला, उठवा. तमुक लेखनाचा प्रोग्राम आहे, झोपू द्या. ही यादी कितीही लांब असली, तरी जगातले सगळे प्रोग्राम तिच्यात कसे मावणार? मॅकवर गंमत अशी होती, की एखाद्या प्रोग्रामानं त्रिमिती चित्रांचं साधन नुसतं हातात घेतलं, तरी मोठं कार्ड जागं व्हायचं. प्रत्यक्षात तो प्रोग्राम दोन ओळींच्या गप्पा मारण्याचा का असेना. एखादं बटण जरा झोकात सरकावं, एवढ्यासाठी ते साधन घेतलेलं असे. लोक इतके वैतागले, की एका स्वतंत्र प्रोग्रामरनं एक छोटासा मोफत प्रोग्राम लिहिला. वरच्या पट्टीत तो एक अक्षर दाखवायचा. त्या अक्षरावरून कळे, की आता थोरला जागा आहे की धाकटा. एवढंच काम, आणि तो मॅकवाल्यांमध्ये कमालीचा लोकप्रिय झाला. काढून टाकलेला खटका लोकांनी एका अक्षराच्या रूपानं परत मिळवला, असंच मी म्हणेन.

विंडोजवाल्यांचं तरी बरं होतं. लिनक्स वापरणाऱ्यांना सुरुवातीला कुणी वालीच नव्हता. ऑप्टिमससाठी लागणारा ड्रायव्हर कंपनीनं लिनक्सला दिला नव्हता. परिणाम उलटाच झाला. ड्रायव्हर नाही, म्हणजे कार्ड वापरता येत नाही. आणि ड्रायव्हर नाही, म्हणजे त्याला झोपवणारंही कुणी नाही. कार्ड निरुपयोगी आणि तरीही रात्रंदिवस जागं. लॅपटॉप तापायचे आणि बॅटरी पाहता पाहता उतरायची. मग २०११ मध्ये काही हौशी प्रोग्रामरांनी 'बंबलबी' नावाचा प्रकल्प हाती घेतला. ऑप्टिमस आणि बंबलबी ही ट्रान्सफॉर्मर्स या यंत्रमानवांच्या गोष्टीतली नावं, मुलांना ती पाठ असतील. या बंबलबीची एक आठवण प्रोग्रामर मंडळी अजून सांगतात. हा प्रकल्प संगणकावर बसवताना जुनी एक फाइल पुसायची होती. ती पुसण्याच्या आज्ञेत चुकून एका ठिकाणी एक मोकळी जागा पडली. एकच. तेवढ्यानं आज्ञेचे दोन तुकडे झाले आणि पुसला गेला तो त्या संगणकावरचा जवळपास सगळा प्रोग्रामांचा साठा. बॅटरी वाचवायला गेलेल्यांचं यंत्रच बसलं! चूक लगेच दुरुस्त झाली, पण तिची कीर्ती उरली.

पुढच्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात बोलत होते. श्रोत्यांमधल्या एका तरुणीनं उभं राहून सांगितलं, की माझ्याकडे ऑप्टिमसचा लॅपटॉप आहे आणि लिनक्सवर त्याला आधारच मिळत नाही. टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे वळून एनव्हीडियाला उद्देशून एक हावभाव केला आणि दोन शब्द उच्चारले. तो हावभाव सभ्य घरात करत नाहीत आणि ते शब्द मला रेडिओवर उच्चारता येणार नाहीत. पण बॅटरीच्या एका तक्रारीतून संगणकविश्वातला तो प्रसिद्ध प्रसंग घडला, हे लक्षात घ्या. पुढे परिस्थिती सुधारली. कार्ड आपोआप पूर्ण झोपवण्याची सोय एनव्हीडियाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये २०१९ च्या सुमारास येऊ लागली, तीही नव्या पिढीच्या कार्डांना. २०२२ मध्ये कंपनीनं ड्रायव्हरचा काही भाग खुलाही केला.

आता आपल्याकडे येऊ. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मागच्या पावसाळ्यात सिव्हिलची एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. पाटण तालुक्यातली. कोयनेची वीज राज्यभर जाते, पण तिच्या वाडीत तारेवर फांदी पडली, की दोन-दोन दिवस अंधार. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून सत्तर हजारांचा लॅपटॉप घेतलेला. सुटीत घरी बसून प्रकल्पाचे आराखडे पुरे करायचे होते.

"सर, बॅटरी गेली म्हणतात दुकानात. साडेसहा हजार सांगितलेत."

"लॅपटॉप किती दिवसांचा?"

"आठ महिने झाले."

"आठ महिन्यांत बॅटरी जात नाही गं. ठेव इथे, बघू."

विंडोजमध्ये बॅटरीची जन्मकुंडली काढता येते. काळ्या पडद्याचा 'कमांड प्रॉम्प्ट' उघडायचा आणि 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' अशी इंग्रजीत आज्ञा द्यायची. एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे पाहायचे. बॅटरी नवी असताना किती वीज मावायची आणि आता किती मावते. तिच्या बॅटरीत नवेपणी छप्पन वॅट-तास मावत होते, आता एक्कावन्न. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. चार्जर काढला आणि काहीही न करता लॅपटॉप पाव तास नुसता समोर ठेवला. आठ टक्के उतरली. एक्कावन्नाचे आठ टक्के म्हणजे चार वॅट-तासांच्या वर, तेही पाव तासात. हिशेब सोळा वॅटच्या आसपास गेला. रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपला सोळा वॅट कशाला हवेत?

"यात स्वतः काय काय टाकलंयस?"

"जास्त काही नाही सर. मध्यंतरी फार तापायला लागला म्हणून तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. कोपऱ्यात आकडे येतात बघा."

कोपऱ्यात खरंच आकडे येत होते. दर सेकंदाला ते बदलत होते. ते सॉफ्टवेअर दर सेकंदाला मोठ्या कार्डाला विचारत होतं, तुझं तापमान किती? उत्तर द्यायचं तर कार्डाला जागं राहणं भाग. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा विचारणा. तिच्या लॅपटॉपच्या गरम होण्याला ती सोयच हातभार लावत होती. सॉफ्टवेअर काढलं आणि पुन्हा पाव तास थांबलो. चार टक्के उतरली. तिनं पाटीवर भागाकार करावा तसा मोबाइलवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे सहा तासांच्या वर जाईल?" गेलीही. साडेसहा हजार वाचले. त्या दुकानदाराची नियत वाईट होती, असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक म्हणालं बॅटरी उतरते, त्यानं बॅटरी बदलायला सांगितली. लॅपटॉपवर कुठेही दुसरं काही लिहून येत नव्हतं. टास्क मॅनेजर उघडला असता, तरी मोठ्या कार्डासमोर त्याला शून्य टक्केच दिसलं असतं. ते शून्य कामाचं असतं, विजेचं नसतं.

तुमच्याही घरी असं होत असेल, तर आधी हाच पाव तासाचा प्रयोग करा. संशयितही ठरलेले असतात. तापमानाचे आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर, हलणारी चित्रं दाखवणारे वॉलपेपर, खेळ बंद केल्यावरही मागे चालू राहणारे त्या खेळांचे लाँचर, आणि लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा पडदा. हा शेवटचा फार लबाड आहे. पुष्कळ गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं. सेमिनारला प्रोजेक्टर लावला, की पडद्यावर साध्या दोन ओळी असल्या तरी थोरल्याला उठून बसावंच लागतं. दोन डिस्प्ले ग्राफिक्स असलेल्या मॅकबुकांतही बाहेरचा पडदा लावला, की असंच व्हायचं. म्हणून प्रोजेक्टर लावायचा असेल, तेव्हा चार्जर विसरू नका.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले' आणि त्याच्या आत 'ग्राफिक्स' असा भाग २०१८ पासून आहे. तिथे एकेका प्रोग्रामापुढे 'पॉवर सेव्हिंग' असं ठरवून देता येतं. ज्यांच्याबद्दल शंका असेल, त्यांना तिथे बांधून टाका. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये 'इको' नावाची सोय असते. ती मोठ्या कार्डाची वीजच तोडते. सुटीत घरी फक्त वाचन-लेखन करायचं असेल, तर ती उत्तम.

एक मात्र करू नका. मित्र सांगतात, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्ड 'डिसेबल' कर. ऐकायला बरं वाटतं. पण डिसेबल केलं, की त्या कार्डाचा ड्रायव्हर बाजूला होतो, आणि झोपवणारा तर तोच. पुष्कळ यंत्रांवर मग कार्ड तसंच जागं राहतं. वर सांगितली ती लिनक्सवाल्यांची जुनी गत होते. आचाऱ्याला कामावरून काढलं, पण भट्टी विझवायला कुणी गेलंच नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल बोललं पाहिजे, कारण तिच्यामुळे लोकांची निराशा होते. मोठं कार्ड बॅटरीवर आपली पूर्ण ताकद दाखवतच नाही. गेमिंग लॅपटॉपचा विटेएवढा चार्जर दीडशे, दोनशे, कधी त्याहून जास्त वॅट पुरवतो. बॅटरीला एका दमात तेवढी वीज देणं झेपत नाही, म्हणून बॅटरीवर कार्डाचा वेग मुद्दाम कमी केलेला असतो. म्हणजे प्रवासात ज्या कार्डासाठी आपण ते वजन वाहतो, ते प्रवासात अर्ध्या ताकदीनं चालतं. ज्याचं काम बहुतेक बसस्टँडवर, लायब्ररीत किंवा वीज नसलेल्या घरी होणार आहे, त्यानं मोठं कार्ड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आता पूर्वीसारखं दुबळं राहिलेलं नाही. पदवीपर्यंतचे आराखडे ते बऱ्यापैकी पेलतं. ॲपलनं तर २०२० पासून स्वतःच्या चिप वापरायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये सोळा इंची मॅकबुक प्रोमधूनही वेगळं कार्ड काढून टाकलं. दोन चुलींचं भांडण त्यांनी चूल एक करून मिटवलं. ते सगळ्यांच्या खिशाला परवडणारं नाही, हा भाग निराळा.

ज्यांना मोठं कार्ड खरोखर हवं आहे, त्यांच्यासाठी माझं कंपन्यांकडे एक मागणं आहे. स्वयंचलित पद्धत राहू दे. खटका सरकवून संगणक बंद-चालू करण्याचे दिवस मला परत नको आहेत. पण एक दिवा द्या. काही गेमिंग लॅपटॉपवर तो आहेही. धाकटा काम करत असेल तर चालू करण्याचं बटण पांढरं दिसतं, थोरला उठला की नारिंगी होतं. असा दिवा काही रुपयांत बसतो. तो सरसकट सगळ्यांवर का नसावा, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. गॅस पेटलेला आहे की नाही हे गृहिणीला दिसतं, पंप चालू आहे हे शेतकऱ्याला ऐकू येतं. सत्तर हजार मोजणाऱ्याला आपल्याच यंत्रात काय जळतं आहे, ते कळू नये?

तोवर दुकानात गेलात, तर ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं आहे याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. कार्ड पूर्ण बंद करण्याची सोय आहे का, बॅटरी किती वॅट-तासांची आहे आणि एचडीएमआयची वायर कोणत्या ग्राफिक्सकडे जाते. तिसऱ्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळणार नाही. तेव्हा विक्रेत्याला म्हणावं, चार्जर काढून लॅपटॉप चालू करा आणि पाव तास इथेच ठेवा. तोवर आपण चहा घेऊन यावं आणि आल्यावर टक्के मोजावेत.